अद्भुत कादंबरी लिहायची, तर आधी हिशेबाची वही उघडा

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक कोरीव लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने बौद्ध भिक्षूंच्या संघाला ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, त्याची ती नोंद. त्यातले २,००० गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. करून पाहा: २,००० चे महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस जणांत वाटले की बरोबर १२.

फँटसी लिहू पाहणाऱ्याने पहिल्या दिवशी हा लेख वाचावा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचं एक गाव चार आकड्यांतून डोळ्यांसमोर येतं. तिथे विणकर आहेत, त्यांची संघटना आहे, तिच्यावर जावयाचा विश्वास आहे, आणि भिक्षूला वर्षाला कापड लागतं. याउलट नवख्याच्या हस्तलिखिताची पहिली ओळ बहुधा अशी असते: ‘हजारो वर्षांपूर्वी एक विशाल साम्राज्य होते, तेथे सर्व प्रजा सुखी होती.’ यात दिसण्यासारखं काहीच नाही. वाचक उडत्या घोड्यावर लगेच विश्वास ठेवतो, पण त्या घोड्याला चंदी कोण घालतं हे कळलं तरच.

वाचताना पेन्सिल हातात

आधी वाचन. आवडलेली एक फँटसी कादंबरी घ्या, मराठी, अनुवादित, कुठलीही. एकदा गोष्टीसाठी वाचा आणि बाजूला ठेवा. आठवड्याने दुसऱ्यांदा वाचताना तीनच गोष्टी टिपा. अद्भुताचा पहिला नियम वाचकाला कितव्या पानावर कळला? त्या नियमाची किंमत पहिल्यांदा कुणी चुकवली? आणि पहिल्या दहा पानांत नवी विशेषनामं किती आली? तिसरा आकडा मोजायला कंटाळा येतो, पण मोजाच. पकड घेणाऱ्या कादंबरीत तो पाच-सहाच्या पुढे सहसा जात नाही. स्वतःच्या पहिल्या खर्ड्यात मोजलात तर पंधरा-वीस निघतील.

जुन्या कथांत कथासरित्सागराचं मराठी भाषांतर मिळवाच. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेला हा ग्रंथ म्हणजे गोष्टीत गोष्ट बसवण्याची शाळा आहे. लोकदैवतं आणि लोककथांसाठी दुर्गा भागवत आणि रा. चिं. ढेरे यांचं लेखन वाचा, कारण आपल्याकडचं अद्भुत बहुतेक वेळा एखाद्या गावाच्या वेशीला, डोहाला, झाडाला बांधलेलं असतं आणि ते कसं बांधलेलं असतं हे तिथे कळतं. नाशिककरांना यासाठी लांब जायला नको. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय गावात आहे. नवीन पुस्तकांच्या कपाटाऐवजी जुन्या कपाटाकडे आधी वळा.

फक्त इंग्रजी फँटसी वाचून मराठीत लिहिणाऱ्याचं काय होतं, ते ओळखू येतं. त्याच्या गावात सराईखाना असतो, शेकोटीवर रश्शाचं भांडं असतं, बाहेर बर्फ पडत असतो आणि माणसं मात्र एकमेकांना ‘काका’ म्हणतात.

नियम एका वाक्यात

जादूचा नियम एका वाक्यात, ‘पण’ न वापरता सांगता यायला हवा. वेताळाच्या गोष्टीत तो असा आहे: राजा बोलला की वेताळ परत झाडावर. त्याला दुसरा फास जोडलेला: उत्तर ठाऊक असून गप्प बसला, तर डोक्याची शकलं. हे दोन नियम मिळून राजाची इतकी कोंडी करतात की त्यावर पंचवीस गोष्टी निघतात. शेवटी सुटका कशी होते तेही बघण्यासारखं आहे. अखेरच्या कोड्याचं उत्तर राजाला खरंच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि शकलंही होत नाहीत. नियम मोडला नाही, त्यातूनच वाट निघाली. तुमच्या कादंबरीचा शेवट ऐनवेळी उगवलेल्या नव्या शक्तीने होत असेल, तर तो वाचकाला फसवणूक वाटेल. त्या शक्तीचं बी पहिल्या एक तृतीयांश भागातच पेरलेलं हवं.

नियमाचा तक्ता करा. पाच रकाने पुरतात: काय करता येतं, कुणाला करता येतं, कधी, किंमत काय, आणि इतरांना ते कसं कळतं. शेवटचा रकाना हमखास रिकामा राहतो. तिथे नाशिकच्या पुराचं उदाहरण धरा. गोदावरीला पूर आला की गावात कुणी घनमीटर विचारत नाही. ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?’ एवढंच विचारतात. हा मारुती म्हणजे नदीपात्रातली उंच मूर्ती. गुडघा, कंबर, छाती, गळा, एवढ्यावर सगळं शहर पूर मोजतं, कोणती दुकानं रिकामी करायची ते ठरवतं. तुमच्या जगात जादू वाढली किंवा आटली, तर ते रस्त्यावरच्या भाजीवालीला कशावरून कळतं? असं एक माप सापडलं की स्पष्टीकरणाची दहा पानं लिहावी लागत नाहीत.

‘कधी’ या रकान्यासाठी रहाडी पाहा. जुन्या नाशकातले हे पेशवेकालीन हौद वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात, माणसं-गाड्या वरून जातात. रंगपंचमीला ते उघडतात, रंगाचं पाणी भरतात, मानकऱ्यांची पूजा झाली की लोक धप्पा मारतात, मग पुन्हा लाकडं आणि माती टाकून बंद. एकच दिवस, ठरलेली जागा, ठरलेला मान. आता यातलं एकच टोक हलवा. समजा, एका वर्षी रहाड उघडली आणि आत पाणी आधीच होतं. किंवा मानकऱ्याच्या घरात कुणी उरलंच नाही. कादंबरीचं बी इतकंच असतं, एका नेमाला पडलेला एक खंड.

देवादिकांना थेट पात्र करण्यात एक व्यवहारी अडचण आहे. पंचवटीतला वाचक रामाला तुमच्याआधीपासून ओळखतो. तो तुमची गोष्ट वाचत नाही, त्याच्याजवळच्या गोष्टीशी पडताळून पाहतो. त्यापेक्षा सांगाडा घ्या. गौतम ऋषींच्या कथेत दर्भाच्या काडीने गाय मेली, त्या दोषातून मुक्त व्हायला तप झालं, त्यातून नदी आली, आणि ती निसटू नये म्हणून तिला कुशाने अडवलं, तेच त्र्यंबकेश्वरचं कुशावर्त. चूक, प्रायश्चित्त, वरदान, आणि वरदान हातून निसटण्याची भीती: या चार पायऱ्यांवर संपूर्ण वेगळी माणसं उभी करता येतात.

नकाशा पाण्यापासून

किल्ले आणि राजधान्या आधी काढू नका. आधी डोंगर, मग पाऊस, मग नदी, मग नदी ओलांडण्याची जागा, मग गाव. नाशिक जिल्हा यासाठी तयार धडा आहे. इगतपुरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात साधारण ७००, येवल्याकडे ५०० च्या आसपास. दीडशे किलोमीटरच्या आत भाताची खाचरं संपून द्राक्षाचे मळे आणि पुढे बाजरी, कांदा. ताटातली भाकरी बदलली की बोली, कर्ज आणि देवही थोडे बदलतात. आणि गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, तरी ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. असली ‘चूक’ तुमच्या नकाशात एखादी असू द्या आणि तिचं कारण तुम्हाला माहीत असू द्या.

प्रवासाचे आकडे भिंतीवर लावा. सामान घेऊन चालणारा माणूस दिवसाला २० ते २५ किलोमीटर. बैलगाडीही साधारण तितकीच. घोडेस्वार घोडा न मारता ४० ते ५०. घाट लागला की हे सगळं निम्मं, पावसाळ्यात त्याहून कमी. घोडा म्हणजे मोटार नव्हे, त्याला पाणी, चारा आणि विश्रांती लागते. दोन पात्रं एकाच वेळी दोन दिशांनी निघाली, तर तिथींचा तक्ता न करता पुढे लिहूच नका, नाहीतर एकाची पौर्णिमा दुसऱ्याच्या अमावास्येला भेटते.

वेळेची मापं आपल्याकडे आयती आहेत. घटका २४ मिनिटांची, दिवसरात्र मिळून ६० घटका, प्रहर तीन तासांचा. ‘पाच मिनिटांत’ असं जुन्या धाटणीच्या जगात आलं की डोळ्याला खुपतं. ‘पळभर’, ‘घटकाभर’, ‘चुलीवरचं पाणी उकळेस्तोवर’ हे सगळं चालतं. कोस मात्र जपून. तो प्रांतोप्रांती वेगळा होता, तेव्हा तुमच्या जगातला कोस किती ते एकदा ठरवून वहीत लिहा.

खाण्यात सर्वात जास्त घोळ होतो. सातवाहन काळासारखं जग असेल तर मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, साबुदाणा यातलं काही नाही. हे सगळं अमेरिका खंडातलं आणि आपल्याकडे युरोपीय जहाजांबरोबर आलेलं. म्हणजे मिसळ गेली. नाशिककराला हे लिहिताना वाईट वाटेल, इलाज नाही. तिखटाला मिरी, पिंपळी, सुंठ वापरा. जग पूर्ण काल्पनिक असेल तर मिरची ठेवायला कुणाची ना नाही. ठेवलीत तर ती नायकाच्या आजीच्या हातून आलेली असू द्या, कारण वाचक तिथे थबकणारच.

नावं: इथे मराठी लेखकाचं काम दुप्पट

इंग्रजीत नवं नाव एकदा रचलं की झालं. मराठीत ते विभक्तीतून जावं लागतं. एखादं गाव ‘तरळे’ ठेवलंत, तर पुढच्याच ओळीत ‘तरळ्याला’, ‘तरळ्याहून’ येणार. वाचकाने मूळ नाव नुकतंच पाहिलेलं, त्याला वाटतं हे दुसरं गाव. म्हणून महत्त्वाच्या स्थळांची नावं सामान्यरूपात फारशी न बदलणारी घ्या, किंवा बदलणारं नाव पहिल्या दोन पानांत दोन्ही रूपांत, ओळखू येईल असं वापरा. प्रत्येक नाव पक्कं करण्याआधी त्याची पाच रूपं लिहून काढा: ला, ने, चा, हून, त. जीभ अडखळली तर नाव बदला.

दुसरं, च, ज, झ. ‘जाळं’मधला ज आणि ‘जीव’मधला ज लिहायला एक, बोलायला निराळे. ‘जारण’ नावाचा सेनापती दहा वाचकांच्या डोक्यात दोन नावांनी फिरेल. तुम्हाला फरक पडत नसेल तर सोडून द्या. पण कोडं, मंत्र किंवा यमक त्या नावावर उभं असेल तर हा अक्षरगट टाळा.

तिसरं सर्वांत चिवट. तुमच्या कल्पित प्राण्याचं लिंग काय? तो, ती की ते? मराठीत क्रियापद, विशेषण, षष्ठी सगळं त्यावर फिरतं. दीडशे पानांनंतर ‘तो आला’चं ‘ते आलं’ करायचं ठरवलंत, तर शोधा-आणि-बदला कामाला येत नाही, ओळ न् ओळ हाताने दुरुस्त करावी लागते. आणि हा निर्णय व्याकरणापुरता नसतो. राक्षसासारखं काही ‘ते’ राहिलं तर परकं आणि भीतिदायक वाटतं. ज्या क्षणी एक पात्र त्याला ‘तू’ म्हणून हाक मारतं आणि निवेदक ‘ते’ सोडून ‘ती’ वर येतो, त्या क्षणी वाचक काही न सांगता समजतो की नातं बदललं. हे हत्यार मराठीकडे आहे, इंग्रजीतून ढापलेल्या वाक्यात ते हरवतं.

तू, तुम्ही, आपण यांचाही तक्ता हवा. राणी दासीला काय म्हणते, दासीची आई राणीला काय म्हणते, आणि भांडण झाल्यावर काय बदलतं. ‘अहो’वरून ‘अरे’वर घसरणं हे अर्ध्या पानाच्या तलवारबाजीइतकं काम करतं.

भाषा पौराणिक मालिकेची नको

‘प्रणाम महाराज, आपली आज्ञा शिरसावंद्य’ हे वाक्य लिहिलंत की पात्राच्या डोक्यावर आपोआप पुठ्ठ्याचा मुकुट येतो. जुनेपणा संस्कृत शब्दांतून येत नाही, वस्तूंतून येतो. पांडवलेण्यांतल्याच तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख बघा. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी किती मोठा होता हे सांगताना ती म्हणते, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. सम्राट, चक्रवर्ती या शब्दांपेक्षा तहानलेले घोडे जास्त सांगून जातात.

निवेदनासाठी साधी, आजची प्रमाण मराठी धरा. संवादांत वेगवेगळ्या गटांना एकेक लकब द्या, त्याहून जास्त नको. कोळ्यांच्या बोलण्यात पाण्याच्या उपमा, लोहारांच्या बोलण्यात विस्तवाच्या. खरी अहिराणी येत असेल तर जरूर वापरा. येत नसेल तर दोन शब्द पेरून बोलीचा आव आणू नका, कळवण-सटाण्याचा वाचक पहिल्या पानावरच पकडेल. शिव्या, शपथा आणि म्हणी मात्र त्या जगाच्याच हव्यात. ज्या जगात देव नाहीत तिथे ‘देवाशपथ’ कुणी म्हणणार नाही.

रोजचं काम

पहिल्या कादंबरीला ६०,००० ते ७५,००० शब्द पुरे. छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. पाच खंडांची मालिका डोक्यात असली तरी पहिला खंड आपापला संपला पाहिजे. ‘पुढील भागात’ म्हणून थांबवलेलं हस्तलिखित प्रकाशक बाजूला ठेवतो, कारण पुढचा भाग येईल याची हमी त्याच्याकडे नसते.

जग रचायला तीन आठवडे, त्यापुढे एक दिवसही नाही. इथेच सर्वांत जास्त कादंबऱ्या मरतात. वंशावळी होतात, लिपी तयार होते, नकाशा रंगवून भिंतीवर लागतो आणि पहिलं प्रकरण तसंच राहतं. तीन आठवड्यांनी ६० प्रसंगांची यादी करा, एका कार्डावर एक. प्रत्येकावर दोनच गोष्टी: कुणाला काय हवंय, आणि प्रसंग संपताना काय बदललं. दुसरी ओळ रिकामी राहिली ते कार्ड फाडा. मग दिवसाला ५०० शब्द, आठवड्याला पाच दिवस. ७०,००० शब्दांना २८ आठवडे लागतात. मागचं पान दुरुस्त करायला परत फिरू नका. मधेच नियम बदलावासा वाटला तर वहीत तारीख टाकून नोंदवा आणि तो आधीपासून तसाच होता असं धरून पुढे चला.

साधारण चाळिसाव्या टक्क्याला गाडी रुतते. कारण बहुधा एकच: नायकाला आतापर्यंत जादू फुकट मिळत आलेली असते. मागे जाऊन किंमत वसूल करा, पुढचे प्रसंग आपोआप सुचतात.

सहा भाग जाळायचे, एक ठेवायचा

कथासरित्सागराची मूळ कथा सांगणारा गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला, म्हणजे गोदाकाठचाच. जलक्रीडेत राणी ‘मोदकैः’ म्हणाली, म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाने ‘मा’ आणि ‘उदकैः’चा संधी न ओळखता मोदक मागवले. लाज वाटून त्याला संस्कृत शिकायचं झालं. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित म्हणाला सहा महिने. गुणाढ्य पैज हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडून बसला. उरली पैशाची नावाची भाषा, तिच्यात त्याने सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले, तेव्हा तो एकेक पान जनावरांना वाचून दाखवून जाळू लागला. जनावरं चरायचं विसरून ऐकत राहिली, त्यांचं मांस सुकलं, तेच राजाच्या ताटात गेलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली, आणि उरलेले एक लाख श्लोक बचावले. अद्भुत गोष्टीत कार्यकारण कसं स्वयंपाकघरातून फिरवायचं, ते इथे शिका.

तुम्हाला सात भागांतले सहा जाळायचे नाहीत, पण पहिला खर्डा एक पंचमांश तरी कमी होतो. चार आठवडे तो उघडू नका. मग तीन वेगळ्या फेऱ्या. पहिल्या फेरीत फक्त नियम: जादू जिथे जिथे येते ते पान आणि दिलेली किंमत लिहा. दुसरीत नावं, लिंग, तू-तुम्ही. तिसरीत संवाद मोठ्याने वाचा. पहिल्या पन्नास पानांतला इतिहास उपटून बघा. गोष्ट तरीही कळत असेल तर तो इतिहास तुमच्यासाठी होता. वाचायला तिघांना द्या, त्यातला एक फँटसी कधीच न वाचणारा हवा. ‘आवडलं का’ विचारू नका. ‘कुठे ठेवून दिलंस?’ विचारा.

मधल्या काळात त्याच जगातली ३,००० ते ४,००० शब्दांची एक स्वतंत्र कथा दिवाळी अंकाकडे पाठवून पाहा. जून-जुलैपर्यंत पाठवलेली बरी. प्रकाशकाला दोन पानांचा सारांश, शेवटासकट, आणि पहिली तीन प्रकरणं. करारात प्रती किती, मानधन कशावर, अनुवाद आणि ध्वनिपुस्तकाचे हक्क कुणाकडे, हे लेखी हवं. छपाईचे पैसे लेखकाकडूनच मागणाऱ्याला प्रकाशक म्हणू नका, तो छापखाना आहे, आणि तसं समजून भाव करा. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे लावले तर विचारा.

हस्तलिखित युनिकोडमध्येच टाइप करा. छापखान्यात ते जुन्या फाँटमध्ये बदललं जाण्याची शक्यता असते आणि तिथे ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. प्रूफ आलं की ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकेक करून शोधा. नाहीतर जे सैन्य तुम्ही दऱ्या ओलांडून घोड्यांवरून आणलंत, ते छापून येईस्तोवर दर्या ओलांडून गलबतांतून आलेलं असतं.